मुशीतून वाचलेलं नाणं

तेजाबाचा वास आला की पनवेलमधलं ते सोनाराचं दुकान आठवतं. जवळच्या गावातल्या एक मावशी नातीच्या बांगड्यांसाठी जुनी माळ मोडायला आल्या होत्या. मी जुनी नाणी जमवायचो, त्यांच्याच शोधात तिथे बसलो होतो. माळेतल्या एका नाण्यावर गरुड होता, खाली टाकसाळीची खूण म्हणून बारीक 'डी' अक्षर. एकोणिसाव्या शतकातच बंद पडलेल्या अमेरिकन टाकसाळीचं ते सोन्याचं नाणं मी फक्त चित्रात पाहिलं होतं. मूस तापली होती. मी सोनाराचा हात धरला आणि मावशींना सांगितलं, याचं मोल सोन्याहून कितीतरी जास्त आहे. "गपचूप घेतला असतास तर मना कललाच नसता," त्या म्हणाल्या. "आता तुलाच देनार, दुसऱ्याला नाय." पुरतं मोल द्यायला मी माझ्या संग्रहातली बाकीची सगळी नाणी विकली. आज माझा संग्रह पाहायला येणाऱ्यांसमोर मी ते एकच नाणं ठेवतो, आणि माणसं तासभर हलत नाहीत.