कल्याण टाळून जाणारी वाट

नाशिकहून ठाण्याला जाताना कल्याण टाळता येतं, हे मला लग्नापासून पाठ आहे. रेल्वे कल्याणवरून जाते, म्हणून मी एसटीने जाते. कसारा घाट, भिवंडी बायपास आणि थेट माजिवडा. या एप्रिलमध्ये मात्र मी कल्याणलाच निघाले होते. बाबांचे चुलतभाऊ अण्णाकाका यांची पंचाहत्तरी होती, आणि समारंभ झाला की माझी नऊ वर्षांची भाची ओवी मे महिनाभर गणित शिकायला त्यांच्याकडे राहणार होती. मीही नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडेच गणित शिकायला जायचे.

माजिवड्याला माझा धाकटा भाऊ नितीन, म्हणजे ओवीचा बाबा, गाडी घेऊन आला होता. आधी मिसळ खाल्ली. सांगायचं होतं ते रिकाम्या पोटी सांगण्यासारखं नव्हतं. घोडबंदर रोडला लागलो आणि दहा मिनिटांत अडकलो. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मजले आणि मध्ये आम्ही, जागच्या जागी. ठाणेकर या कोंडीला शिव्या देतात. मी तिचे उपकार मानते. आम्हा दोघांनाही उठून जाता येत नव्हतं.

"नितीन, लहानपणी अण्णाकाकांनी माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. वर्षभर. ओवीला तिथे ठेवू नकोस."

हे वाक्य मी समुपदेशक बाईंसमोर इतक्यांदा म्हणून पाहिलं होतं की आवाज जराही हलला नाही.

तो समोरच्या बसकडे बघत राहिला. "आत्ता सांगतेस, ताई? एवढ्या वर्षांनी?"

"ओवीची बॅग भरलीय म्हणून."

मग त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीच मी पुन्हा सांगितल्या, या वेळी कारणासकट. चौथीचं अख्खं वर्ष मला आठवत नाही. अण्णाकाका ओढायचे त्या तपकिरीचा वास कुठेही आला की घसा आवळतो. नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला तरी दचकते, आणि त्याचं कारण त्या भल्या माणसाला सांगायला मला अकरा वर्षं लागली. प्रवासात डोळा लागत नाही. कुणीतरी जागं असायला हवं, आणि ते कुणीतरी मीच. अण्णाकाकांच्या पाया मी कधी पडले नाही, म्हणून घरात माझं नाव 'अकडू'.

"एका दिवाळीत मी तुझी मान धरून तुला वाकवलेलं," नितीन म्हणाला. "सगळे हसलेले."

"तू सात वर्षांचा होतास रे."

घर येईपर्यंत त्याने गाडी चालवली. ना हो, ना नाही.

सकाळी डिकी उघडली तर आत ओवीची जांभळी बॅग. ओवी शेजारीच उभी होती, त्यामुळे विचारता येईना. नितीनची बायको स्वाती नजर टाळत होती. ठीक आहे, मी मनाशी म्हटलं, वेळ आली तर सगळ्यांसमोर बोलेन. तोंड आहे आपल्याला.

कळव्यात सिग्नलपाशी एक आगरी बाई टोपली घेऊन बसली होती. "घे गो बाय, खाडीचा सुका जवळा हाय." मी उतरून घेतला. पंचाहत्तरीला सुका जवळा घेऊन जाणारी पाहुणी मी पहिलीच असेन. शिळफाट्यापर्यंत पिशवी फाटली, गाडीभर वास पसरला आणि ओवी नाक धरून खिदळत राहिली. डोंबिवली मागे पडली. कल्याणच्या वेशीवरचा पत्रीपूल आला. भीती वाटत होतीच. पण भीतीला सोबत घेऊन मी कल्याणात शिरले.

विठ्ठलवाडीजवळच्या हॉलमध्ये अण्णाकाका शाल पांघरून खुर्चीत बसले होते. पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण झालं. मग आमच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे पोरं वयानुसार ओळीत उभी राहिली. एकेकाने वाकायचं, आणि आजोबांनी जवळ ओढून पापा घ्यायचा.

"जा गं ओवी, आजोबांच्या पाया पड," त्यांची सून म्हणाली.

मी पुढे झाले. पण नितीन माझ्याआधी पोचला होता.

"ती नाही पडणार. ताई पण पडत नाही. का, ते अण्णांना विचारा."

अण्णाकाका शालीचे गोंडे चाचपू लागले. कोणी म्हणालं, "अरे, आजच्या दिवशी हे काय?" त्यांच्या सुनेने मात्र आपल्या पोराला ओळीतून बाहेर घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. बाहेर जाऊन मी तिला सगळं सांगितलं. बाकीच्या आयांशी नितीन आणि मी बोलणार आहोत. ते काम अजून उरलंय.

कल्याणच्या एसटी स्टँडवर नितीनने डिकी उघडली आणि जांभळी बॅग माझ्या हातात दिली.

"सकाळीच ठेवलेली. मे महिना तुझ्याकडे. चालेल ना?"

स्वाती तेव्हा रडली. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परतीची वाट कल्याणातूनच निघाली, पण आता टाळण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मी बरी झाले असं म्हणणार नाही. तपकिरीचा वास उद्याही घसा आवळेलच. शहापूर गेलं तसं ओवीने मला कोपराने ढोसलं.

"आत्या, तू झोप. मी जागी आहे."

डोळे उघडले तेव्हा नाशिक आलं होतं.