फॉर्मॅलिनची बाटली

फॉर्मॅलिनचा वास आला की रेवदंड्याची मासेवाली मावशी आठवते. तिने विकायला आणलेल्या पाकट माशाच्या आतड्यात पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत निघाले आणि गिऱ्हाईक तुटलं. 'खाडी नासवणाऱ्यांनो, उत्तर द्या' अशी पत्रकं वाटणारी मी, ते कृमी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून संशोधक बाईंकडे घेऊन गेले. कृमींच्या शुक्रपेशींची रचना आणि जनुकं पाहून बाई त्यांची जात ठरवणार होत्या, म्हणजे माणसाला बाधतात का ते कळलं असतं. बाटली बघून त्या म्हणाल्या, "अगं, स्पिरिटमध्ये ठेवायचे! यातला डीएनए तुटला. नुसत्या शुक्रपेशींवरून मी जात सांगणार नाही." मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "मंग लोकांना काय सांगू, पोरी? तुजं पत्रक वाचू?" तसे कृमी असलेलं पाकट पुन्हा जाळ्यात आलंच नाही, की नवे कृमी स्पिरिटमध्ये ठेवून न्यावेत. पत्रकावर 'उत्तर द्या' मी आजही लिहिते. मावशीचं उत्तर मात्र मीच नासवलं.