म्बिंगवेच्या लेकी

डासांना स्वतःचा हात द्यायची जेनेरोझाची सवय एकोणीस वर्षांची. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी कोपरापर्यंत हात जाळीच्या पिंजऱ्यात सरकवायचा आणि पंधरा मिनिटं गप्प बसायचं. माद्या पोटं तट्ट फुगवून जाळीला चिकटल्या की हात बाहेर. ती काम करायची त्या डासांच्या संशोधनसंस्थेत आता त्यासाठी यंत्र आलं होतं, गाईचं रक्त कोमट ठेवणारं. बाकी सगळ्यांनी ते घेतलं, हिने नाही. माझ्या डासांना ते मानवत नाही, एवढंच म्हणायची, आणि लोक पाठीमागे हसायचे. हसू देत. पन्नाशी उलटलेली बाई, नवरा नाही, मूलबाळ नाही, संध्याकाळी खोलीवर जाऊन एकटीपुरता मक्याच्या पिठाचा उगाली शिजवायचा. आठवड्यातून दोनदा तिची वाट बघणारं तेवढंच कोणीतरी होतं.

हे डास म्बिंगवे गावचे, तिच्या आईच्या घरातले. त्याच घरात तिचा धाकटा भाऊ फेलिक्स चार वर्षांचा असताना हिवतापाने गेला होता. शिकून शास्त्रज्ञ झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर त्याच खोलीत बसून नळीने ओढून साठ माद्या पकडल्या. त्यांच्या पुढच्या तीनशे पिढ्या तिने पिंजऱ्यात वाढवल्या, त्यांच्यावर मच्छरदाण्या तपासल्या, औषधं तपासली, निबंध लिहिले. आई फोनवर आधी तेच विचारायची, "माझ्या घरातून नेलेल्या लेकी बऱ्या आहेत ना? इथं अजून मायंदाळ आहेत हो. ये, आणि घेऊन जा." जेनेरोझा म्हणायची, आहेत तेवढ्या पुरेत, बघू पुढच्या वर्षी. असं करता करता सहा वर्षं ती गावी गेलीच नाही.

जूनमध्ये आईच गेली. जेनेरोझा दहा दिवस म्बिंगवेला राहिली, पण परक्यासारखी. बायका अंगणात भात-मासळी रांधत होत्या; ही उठली की कोणीतरी खुर्ची पुढे करायचं, तुम्ही बसा डॉक्टरीणबाई. थोरली बहीण अडेलिनासुद्धा चहा ठेवून निघून जायची. शनिवारी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणारी ल्युसिया आली, जेनेरोझाची शाळेतली सोबतीण. वही उघडून तिने घरातलं एकेक नाव पुकारलं आणि शेवटी जेनेरोझाचं. मी इथं राहत नाही, जेनेरोझा म्हणाली.

"तुझ्या आईने लिहायला लावलंय," ल्युसिया म्हणाली. "दर वर्षी लावायची. चल, उभी राहा काठीपाशी."

गोळ्या उंचीवर ठरतात. एवढी मोठी शास्त्रज्ञ भिंतीशी टाचा जुळवून उभी राहिली आणि पाच गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कोणी घरचं धरलं होतं.

सोमवारी ती कामावर परतली. पाण्याच्या ट्रेमधल्या अळ्या संपून सगळ्यांचे डास झाले होते, नवी अंडी नव्हती आणि माद्या उपाशी होत्या. तिने नेहमीसारखा हात आत घातला. आता, त्या गोळ्यांचा अंश रक्तात काही दिवस राहतो आणि ते रक्त प्यायलेला डास मरतो, हे कोणाला ठाऊक असायला हवं होतं? तिलाच ना! तिने स्वतः त्यावर दोन निबंध लिहिले होते.

गुरुवारी पिंजऱ्याच्या तळाशी सगळ्या माद्या मरून पडल्या होत्या, एकीनेही अंडी न घालता. नर साखरपाण्यावर जगतात, ते तेवढे वर घिरट्या घालत होते. जेनेरोझा स्टुलावर बसली आणि रडली. डास मेले म्हणून रडणारी बाई कोणी बघू नये म्हणून तिने आधी दाराला कडी घातली. नंतर नोंदवहीत कारणापुढे लिहिलं, माझा हात. त्या नरांना ती शेवटचा मरेपर्यंत साखरपाणी देत राहिली.

मग ती नळी घेऊन म्बिंगवेला गेली. दिवेलागणीला आईच्या खोलीत, आईच्या खाटेवर, गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून बसली. एक संध्याकाळ, दुसरी, तिसरी. वर नवा पत्रा होता, खिडकीला जाळी होती, खाटेवर तिनेच तपासलेल्या जातीची मच्छरदाणी टांगलेली होती. पायावर काही बसलं नाही. दुखवट्याच्या दहा दिवसांत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अडेलिना दारात येऊन उभी राहिली.

"नाहीत गं त्या आता," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली. पोरांना तापसुद्धा येत नाही."

"पण आई तर म्हणायची, मायंदाळ आहेत."



"मी म्हटलं होतं तिला, खरं सांगून टाक. तर म्हणाली, डास संपले म्हटलं तर पोरगी येईल कशाला?"

चुलीवर भात होता, म्हणून अडेलिना आत गेली. जेनेरोझा पाय तसेच उघडे ठेवून अंधार पडेपर्यंत खाटेवर बसून राहिली.