मिरचीच्या सरीतली खाडी

परवा आमच्या धाड गावात, समुद्रापासून कितीतरी कोस दूर, मी मिरचीच्या सरीत विजयदुर्गची खाडी भरून दाखवली...

शेजारच्या अश्विनीला त्या खाडीची खोली मोजणाऱ्या बोटीवर नोकरी मिळते आहे. होकार त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचा होता आणि तिची आई, शोभावहिनी, पाण्याच्या धास्तीने अडून बसलेली. "गुरुजी, तुम्ही भूगोल शिकवता. खाडी म्हंजे काय, ते सांगा मले," म्हणून त्यांनी मला शेतातच बोलावून घेतलं.

मोटर चालू होती. पाट म्हणजे समुद्र आणि त्याचं पाणी जिथून जमिनीत चिंचोळं शिरतं, ती सरी म्हणजे खाडी... मग मी डब्यातली ताटली आणि अर्धा भरलेला तांब्या पाण्यात सोडले. तांब्या सरीच्या तोंडाशीच गाळात रुतला, ताटली मात्र डुलत आत गेली!

मराठा आरमाराचं बळ यातच होतं, मी रंगात येऊन सांगू लागलो. उथळ बुडाची गलबतं खाडीत आतवर शिरत. खोल बुडाच्या परक्या जहाजांना त्यांच्यामागे येणं अवघड जाई. कुठे किती पाणी आहे हे ज्याला ठाऊक, खाडी त्याची... आणि अश्विनी नेमकं तेच मोजायला निघाली आहे.

तेवढ्यात लाइन गेली, मोटर थांबली. सरीतलं पाणी बघता बघता जिरलं आणि ताटली चिखलात बसली.

"घ्या! गुरुजीचं बी जहाज बसलं," वहिनी हसल्या. मग ताटलीकडे बोट केलं. "माही पोरगी बी अशीच अडकून बसन ना तिथं?"

प्रश्न अचूक होता. उथळ जागी ओहोटीला थांबावंच लागतं, मी कबूल केलं. तेव्हाच्या गलबतांनाही ते चुकलं नाही. पण भरती बहुधा दिवसातून दोनदा येते आणि तिच्या वेळा वर्षभर आधी छापून मिळतात.

"आधीच माहीत राह्यते? अन् त्या टायमाले येतेच?"

"येतेच."

"मंग त्यायची लाइन आपल्यापेक्षा बरी हाय!"... आणि त्यांनी बांधावरच्या लेकीला हाक मारली, "कळवून दे वं, येतो म्हणून."

वहिनींच्या मोटरच्या पेटीत लाइनच्या वेळांचा कागद चिकटवलेला असतो. काल पाहिलं तर शेजारी दुसरा कागद होता, अश्विनीच्या अक्षरात... विजयदुर्गची भरती-ओहोटी. इतकी वर्षं मी वर्गात खाडी नकाशावर दाखवत आलो. तिच्या भरतीच्या वेळा लेकीसाठी लक्षात ठेवणारं माणूस मला धाडच्या शेतात भेटलं.