गाळलेली शर्यत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझी फरसाणाची पुडी कपाटात कुठे लपवलेली असते तेही ठाऊक असतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या पडवीत कधी येणार नाही, बहुधा म्हणूनच.

आमचे बाबा एसटीचे ड्रायव्हर. विजयदुर्ग–कोल्हापूर गाडीवर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना टीव्हीवरच्या मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला, आणि तो लावला सांतान मेस्त्रीने. सांतानचं गॅरेज होतं. घर आमच्या माडांच्या पलीकडेच. पन्नास वर्षांची दोस्ती, पण हे त्याला ‘मेस्त्री’ म्हणायचे आणि तो ह्यांना ‘डायवर’. एकमेकांची नावं दोघंही विसरले असावेत.

पुढे काचबिंदूने बाबांची नजर गेली. शर्यती थांबल्या नाहीत. रविवारी संध्याकाळी मी शेजारी बसून पडद्यावरचं सांगायचो — कोण पुढे गेला, कोण वळणावर घसरला — आणि दोघं माझ्या चुका काढायचे. सांतानला दिसत होतं, तरी तोही डोळे मिटून ऐकायचा. इंजिन कानांनीच बघायचं असतं, म्हणायचा.

आणि वर्षातून एकदा वाचन व्हायचं. पाडव्याला पंचांग वाचतात ना, तसं. नव्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की दिवेलागणीला पडवीत बसून मी ते मोबाईलवरून मोठ्याने वाचायचं. एक गाव, एक तारीख, मग थांबायचं — कारण बाबा तेवढ्यात मनातली गाडी सोडत. मोनॅको म्हणजे त्यांच्या लेखी मालवणची बाजारपेठ, समोरून मासळीचा टेम्पो. जपान म्हणजे पहाटेची पहिली फेरी. आणि बेल्जियमचं ते रानातलं चढाचं वळण म्हणजे फोंडाघाट — धुकं, ओली पानं, आणि पुढचं काही दिसत नसताना पायाला कळणारा रस्ता. दोन गावांच्या मध्ये समुद्र ऐकू यायचा. पासपोर्ट नसलेला मी, पण मलाही कधी कधी वाटायचं की मी तिथून जाऊन आलोय.

पाच वर्षांपूर्वी वाचनाच्या संध्याकाळी सांतान म्हापशाला मुलीकडे गेला होता. मी आणि बाबा, दोघेच. आणि माझं — काय सांगू — माझं लक्ष नव्हतं. वाचनालयाच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव मांडून तिघे माझी वाट बघत होते. वाचता वाचता बोट सरकलं, एक ओळ गेली. आपणहून गेली की मी घालवली? नाही, मीच घालवली. यादी लांबलचक होती. एक ओळ कमी झाली तर कुणाला कळतंय?

“आणि बेल्जियम?” बाबांनी विचारलं.

राहिलं, एवढा एकच शब्द पुरला असता. पण चाळीस वर्षांत एकही थांबा न गाळलेला माणूस समोर बसला होता. तो म्हणणार, वाचूक कंटाळलंस? बावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या घोड्याला बापाची भीती वाटावी? वाटली.

“तां काढल्यानी यंदा,” मी म्हटलं.

ते खपलंही. ती शर्यत जाणार, जाणार अशी चर्चा कैक वर्षं चालूच होती. बाबा, कुणी ओळखीचं माणूस गेल्यासारखे म्हणाले, “बरां रान होतां तां.”

मी पत्ते खेळायला गेलो. जिंकलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सांतान मोबाईल नाचवतच आला. वाळवंटातल्या शर्यतींना शिव्या घालून झाल्या आणि तो म्हणाला, पण आपलां रान ठेवल्यानी हा, डायवर. बाबा म्हणाले, काढलंय. तो म्हणाला, ही बघ तारीख. बाबा म्हणाले, माका काय दाखवतंस, माझ्या झिलान वाचलान. आवाज चढत गेले. मी चहा घेऊन दारात उभा होतो.

“तू सांग रे बाळा,” सांतान म्हणाला.

तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. मी म्हटलं, “माझ्या यादीत नाय.”

त्याने माझ्याकडे बघितलं. इंजिनात काय बिघडलंय ते ओळखायला त्याला फार वेळ कधीच लागला नव्हता. त्याने मोबाईल खिशात घातला. “आसात. माझीच नजर चुकली आसतली.”

तेवढ्यावर मिटलं असतं. पण बाबा पेटले होते. माझ्या झिलाक खोटो पाडूक इलंस, परत ह्या पडवीत येव नको, म्हणाले. सांतान चहा न घेता गेला. परत आला नाही.

बेल्जियमच्या शर्यतीच्या त्या रविवारी मी टीव्ही लावला नाही. माडांपलीकडून गाड्यांचा आवाज येत होता, पावसात भिजलेला, जवळ येऊन पुन्हा दूर जाणारा. बाबांनी कान तिकडे केला. “मेस्त्री जुनी शर्यत लावन बसलो,” म्हणाले. “एकटोच.” पुढच्या शर्यतीला गुणांची रांग बदललेली ऐकून ते चक्रावले. कुणाला तरी दंड लागला, असं मी ठोकून दिलं. मला आता सराव झाला होता.

सांतान त्यानंतर दोन वर्षांनी गेला. मी बाबांची काठी घेऊन पडवीत उभा राहिलो.

“माझ्या झिलाक ज्यान खोटो पाडल्यान,” ते म्हणाले, “तेच्या मयताक मी जावचंय नाय.”

माझ्या झिलाक. किती अभिमानाने म्हणाले.

मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि एकटाच गेलो. चर्चमध्ये सांतानच्या मुलीने पहिल्या बाकावर आपल्या शेजारची जागा मोकळी ठेवली होती. डायवरकाका मागसून येतत काय, तिने विचारलं. मी मान हलवली — कशी, ते मलाही आठवत नाही. जागा शेवटपर्यंत तशीच राहिली.

घरी आलो तर बाबा जागचे हलले नव्हते. “माका कोणी विचारल्यान?”

“नाय,” मी म्हटलं.

बाबा अजून आहेत. आत्ता पडवीत बसलेत, माझ्यापासून चार हातांवर. आणि हे मी तुम्हाला सांगतोय.