वेगळं ताट सुनेचंच काऊन?

ड्युटीवरून येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून इथं लिहिते.

मी त्वचारोग विभागात नर्स आहे. आज तळेगावहून एक सासूबाई मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. सुनेच्या कोपरांवर पोपडे सुटणारे लाल चट्टे होते. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला आणि मलम कसं लावायचं ते दाखवायला तिला माझ्याकडे पाठवलं.

मी तिचा हात धरला, तर तिनं झटकन मागे घेतला. "नका धरू सिस्टर, तुमाले होईन."

सोरायसिस शिवल्यानं होत नाही, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "आमी हिचं ताट, गिलास, सारं वेगळं ठेवलं. सैपाकालेबी हात लावू देत नाई." त्यांना वाटलं, मी शाबासकी देईन.

तेवढ्यात मुलगा कंबर खाजवताना दिसला. शर्ट वर करायला सांगितला, तर कमरेला गजकर्णाची मोठमोठी कडी. हे मात्र पसरतं.

"टॉवेल कोणता वापरता?"

"हिचा वेगळा, बाकी घरात एकच हाय," मुलगा म्हणाला.

तसंच कडं सासूबाईंच्या मानेवरही होतं.

"मंग याचा टॉवेल काऊन वेगळा नाई केला?" मी विचारलं.

"बाप्या माणसाले घामानं होतेच, बाई," सासूबाई म्हणाल्या.

मुलाला डॉक्टरांकडे पाठवलं, त्याच्यानंतर सासूबाईंचाही नंबर लावला. सुनेचं मलम मात्र मी सासूबाईंना हात धुवायला लावून त्यांच्याच हातानं तिच्या कोपरांना लावून घेतलं.

तुमच्या घरात कोणाचं ताट वेगळं आहे का? असेल, तर ते कोणाला विचारून केलंत?