मराठी महिना, कृष्ण पक्ष

मंडळी, प्रिंटरची केबल मी स्वतः जोडली, पडद्यावरची देवनागरी अक्षरं टिंबाटिंबांनी काढली आणि तिथी सांगणारा प्रोग्रामही माझाच. शिकवायला कोणी नव्हतं.

आज सकाळी दूधविनायक मोहल्ल्यातल्या काकू गुरुजींना घेऊन आल्या. काका गेले कार्तिक वद्यात. प्रोग्रामने वर्षश्राद्धासाठी छापला मार्गशीर्ष वद्य. खरी तिथी महिन्यापूर्वीच होऊन गेली.

"म्हणजे ह्यांना त्या दिवशी पान वाढलंच नाही आम्ही?" काकू म्हणाल्या.

कृष्ण पक्षात इथला, उत्तरेकडचा हिंदी महिना आपल्या मराठी महिन्यापेक्षा एक पुढे असतो. मी मराठी महिना तपासला तो शुक्ल पक्षात, कृष्ण पक्ष तपासला तो हिंदी महिन्यात. दोन्हींची गाठ घातलीच नाही, म्हणून मराठी कृष्ण पक्षालाही हिंदी महिना लागला. पर्यायांचे सगळे मेळ तपासणं अशक्य, पण कुठलेही दोन पर्याय एकदा तरी एकत्र येतील एवढे मोजके मेळ पुरतात. दुपारी तसं केलं, चूक लगेच सापडली. तुम्ही जोड्या तपासता का?

संध्याकाळी कॉम्प्युटरचा दुकानदार प्रोग्राम विकत घ्यायला आला. "चुपचाप ठीक कर दीजिए पंडितजी, किसको पता चलेगा?"

मी नाकारलेला सौदा असा: प्रोग्राम वापरणाऱ्या घरांना काही न कळवता तो त्याला विकायचा, रोख वीस हजारांना.